ओळंबा, पाणसळ आणि तळावरचा माणूस

विहिरीत कळशी पडली की ती कशी काढतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी गावी पाहिलं असेल. दोराला लोखंडी गळ बांधायचा, तो पाण्यात सोडायचा आणि काठावरून अंदाजानं फिरवत राहायचं. कधीतरी कळशीचा काठ गळात अडकतो, हाताला ओझं जाणवतं आणि मग दोर वर ओढायचा. डोळ्यांना काहीच दिसत नाही. जे कळतं ते दोरातून हाताला कळतं.

आता अशी विहीर डोळ्यांसमोर आणा, जी शंभर मीटर खोल आहे, जिचं पाणी गढूळ आहे आणि जिचा काठ लाटांबरोबर वरखाली होतो आहे. तुम्हाला काही वर काढायचं नाही, उलट कित्येक टनांचं लोखंडी धूड खाली सोडून तळावरच्या एका पाइपाच्या तोंडावर बसवायचं आहे. ते थोडंसुद्धा तिरकं बसलं तर झडप घट्ट लागणार नाही, आणि झडप घट्ट लागली नाही तर खालचं तेल आणि वायू समुद्रात मोकळे सुटतील.

समुद्राखाली यंत्रं बसवणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी गेल्या सत्तर वर्षांत तारा, खुंट्या, नरसाळी, तिरक्या कापाच्या नळ्या, ध्वनीचे डोळे अशी कितीतरी साधनं घडली. समुद्रतळावरच्या यंत्रांचा इतिहास हा माझ्या सध्याच्या संशोधनाचा विषय असल्यामुळे या साधनांची जुनी रेखाचित्रं मी रोज पाहते. त्यांची गोष्ट सांगायला मी कुवेतपासून सुरुवात करते आहे, आणि हे जरा विचित्र वाटेल, कारण कुवेतच्या उथळ समुद्रात यातली बरीच साधनं आजही फारशी लागत नाहीत. पण ज्या प्रश्नासाठी ती घडली, तो प्रश्न या किनाऱ्यावर तेलाच्या कितीतरी आधीपासून होता. शिवाय त्या काळी तळावर यंत्राच्या जागी माणूस होता.

दोन दोर

तेल येण्यापूर्वी कुवेत जगत होतं ते दोन गोष्टींवर: लांब पल्ल्याचा गलबतांचा व्यापार आणि मोती. दोन्हींचं दुसरं टोक आपल्याकडे होतं. गलबतांचं सागवान आणि काथ्याचे दोर मलबारहून जात. आखातातल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. तिथून ते पॅरिस-लंडनला जात. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत चलनही रुपयाच होतं. गलबताच्या प्रमुखाला तिथे म्हणतात ‘नोखदा’. शब्द मूळ फारसी, नावेचा धनी या अर्थाचा. आपल्या कोळ्यांचा ‘नाखवा’ तोच.

मोत्यांचा हंगाम उन्हाळ्यातले चारेक महिने चाले. बुडी मारणारा तो ‘घैस’ आणि त्याचा दोर धरणारा तो ‘सैब’. प्रत्येक घैसाला स्वतःचा सैब असे आणि त्या जोडीत दोर असत दोन. एका दोराच्या टोकाला जड दगड आणि पाय अडकवायला फास. घैस नाकाला चिमटा लावून, गळ्यात जाळीची टोपली अडकवून फासात पाय घालायचा, खूण करायचा, आणि सैब दोर सोडून द्यायचा. दगड त्याला सरळ तळाशी न्यायचा. तळाला टेकताच घैस पाय सोडवून घ्यायचा आणि सैब दगड लगेच वर ओढून पुढच्या बुडीसाठी तयार ठेवायचा. दुसरा दोर परतीचा. जेमतेम एक-दीड मिनिट शिंपले गोळा केल्यावर घैस त्या दोराला हिसका द्यायचा आणि सैब हातावर हात टाकत त्याला वर खेचायचा. असं दिवसातून कितीतरी वेळा.

या साध्या मांडणीकडे जरा यंत्र म्हणून पाहा. दगडामुळे पहिला दोर ताणलेला आणि सरळ राहतो, म्हणजे तो गवंड्याचा ओळंबाच. ओळंबा सरळ खाली नेतो, पण नेमका कुठे, ते वरच्या जागेवर अवलंबून असतं. ती जागा नाखवा ठरवायचा: पाण्याची खोली मोजून, तळाची वाळू तपासून, किनारा दिसत असेल तर खुणा जुळवून आणि बाकी अनुभवानं. दुसरा दोर निरोपाचा. तळावरून एकच निरोप येऊ शकतो आणि तो हातानंच वाचायचा असतो. सैबाचं लक्ष क्षणभर उडालं तर खालच्या माणसाचा श्वास संपतो.

जागा नाखव्याची, दिशा दगडाची, निरोप दोराचा, आणि शेवटच्या हातभर अंतरातली सगळी जुळवाजुळव घैसाच्या हातांची. पुढे जी साधनं आली, त्यांनी या चार कामांपैकी एकेक काम उचललं. घैसाचं काम सर्वांत शेवटी उचललं गेलं.

त्या कामाची किंमत मोठी होती. कानाचे पडदे फाटत, डोळे अधू होत. हंगामाआधी घेतलेली उचल हंगामानंतरही फिटत नसे, त्यामुळे घैस आणि सैब वर्षानुवर्षं त्याच नाखव्याशी बांधलेले राहत. १९३८-३९ मध्ये ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखक अली अल-नज्दी या नाखव्याच्या कुवेती गलबतावर राहिला, आणि नंतर त्यानं मोत्यांचा धंदाही पाहिला. तेव्हा तो धंदा शेवटच्या घटका मोजत होता. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीनं त्याचं कंबरडं मोडलं होतं.

मोती गेले, तेल आलं

फेब्रुवारी १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं. युद्धामुळे १९४२ मध्ये विहिरी बंद कराव्या लागल्या आणि कच्च्या तेलाचं पहिलं जहाज किनाऱ्यावरून निघालं ते ३० जून १९४६ रोजी. मोठा धक्का तेव्हा बांधला गेलेला नव्हता. समुद्राच्या तळावर टाकलेल्या पाइपांतून तेल जहाजापर्यंत न्यावं लागे.

अशा ठिकाणी जहाजाला तळावरचा पाइप सापडतो कसा? कप्तान किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणतो, मग बाजूच्या आणखी दोन, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे नांगर टाकतो. कोकणातला मच्छीमार डोंगराचा सुळका आणि देवळाचा कळस जुळवून खडकाची जागा शोधतो, तीच ही रीत. मग तरंगत्या पिंपाला बांधलेली साखळी ओढली की तळावर पडलेली रबरी नळी वर येते आणि ती जहाजाला जोडतात. आधी रेषा, मग पिंप, मग साखळी, मग नळी. प्रत्येक टप्प्यावर चूक थोडी कमी होते. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

जमिनीखाली एवढं तेल असल्यावर समुद्राखालीही असणार, हे उघड होतं. १९६० मध्ये कुवेत-सौदी तटस्थ प्रदेशासमोरच्या समुद्रात खफजीचं क्षेत्र एका जपानी कंपनीला सापडलं. १९६१ मध्ये शेल कंपनीला कुवेतच्या समुद्रात तेल शोधण्याची सवलत मिळाली. पण इराणबरोबरच्या सागरी सीमेचा वाद मिटेना, तेव्हा थोडं खोदकाम करून ते थांबलं. गंमत अशी, की त्याच सुमाराला हीच कंपनी अमेरिकेत एका वेगळ्या प्रश्नाशी झटत होती आणि तिथे तिला जे उत्तर सापडलं, त्यानं जगभरच्या समुद्रातलं काम बदललं.

चार तारा

उथळ पाण्यात खोदणं त्यामानानं सोपं. तळावर पाय रोवून उभं राहणारं ‘जॅक-अप’ रिग आणायचं आणि विहिरीचा पाइप थेट डेकपर्यंत वर घ्यायचा. मग झडपा डोळ्यांसमोर, हाताशी. कुवेतचा समुद्र बहुतेक ठिकाणी तीस मीटरही खोल नाही, म्हणून तिथे हेच चालतं. आपलं ‘सागर सम्राट’ याच जातीचं. १९७४ च्या फेब्रुवारीत त्यानं मुंबई हायला तेल शोधलं, तिथे पाणी पाऊणशे मीटरांच्या आसपास आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मात्र तळ झपकन खोल जातो. तिथे १९५० च्या दशकात काही कंपन्यांनी एकत्र येऊन तरंगत्या तराफ्यावरून खोदायला सुरुवात केली. तरंगणाऱ्या जहाजावर झडपा ठेवता येत नाहीत, कारण जहाज हलतं आणि विहीर हलत नाही. झडपा तळावरच हव्यात. म्हणजे त्या खाली सोडायला हव्यात, पुन्हा वर काढायला हव्यात आणि परत त्याच जागी बसवायला हव्यात.

यावर जी पद्धत रुळली ती अशी. आधी एक जड चौकट तळावर ठेवायची. हा तात्पुरता पाया. जहाजाला बांधलेल्या चार पोलादी तारा तिच्यापासून वरपर्यंत येतात. या तारांच्या आधारानं खोदण्याचा गिरमिट खाली सोडायचा आणि चौकटीच्या मधल्या भोकातून पहिला मोठा खड्डा पाडायचा. मग त्या खड्ड्यात जाडजूड पाइप उतरवायचा. त्याच्या डोक्यावर कायमचा पाया असतो आणि त्या पायाच्या चार कोपऱ्यांत उभ्या खुंट्या. तारा आता या खुंट्यांच्या टोकांतून वर जातात. यापुढे खाली जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या चार कोपऱ्यांत चार नळ्या असतात आणि त्यांची तोंडं नरसाळ्यासारखी पसरट असतात. तारा नळ्यांतून ओवायच्या आणि यंत्र सोडायचं. मणी दोऱ्यावरून घसरावा तसं ते तारांवरून घसरत खाली जातं. खुंटी नरसाळ्यात शिरते, नळीत बसते आणि यंत्र आपल्या जागी टेकतं.

तळ तर कधीच सपाट नसतो. म्हणून कायमच्या पायाचा खालचा भाग वाडग्यासारखा गोल ठेवतात. तात्पुरती चौकट उतारावर कलली, तरी हा गोल भाग तिच्या खोलगट तोंडात फिरून सरळ राहू शकतो. तो खरंच सरळ आहे का, हे पाहायला पायावर एक पाणसळ बसवलेली असते. गवंड्याच्या लेव्हलबाटलीतला बुडबुडा असतो ना, तोच. फक्त तो पाहायला पाण्याखाली कॅमेरा किंवा पाणबुड्या पाठवावा लागे.

या पद्धतीचा प्राण म्हणजे ताण. सैल तार वाट दाखवू शकत नाही. जहाज लाटेवर वर गेलं की तार तुटायची भीती आणि खाली आलं की ती सैल पडायची. म्हणून जहाजावर दाबलेल्या हवेवर चालणारी सिलिंडरं बसवली गेली. जहाज वर गेलं की ती तार सोडतात, खाली आलं की ओढतात आणि ताण एकसारखा राखतात. गलबताच्या काठावर बसून सैब हातानं हेच करत होता.

आणखी एक गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते फार महत्त्वाची. विहिरीच्या मध्यापासून खुंटी किती अंतरावर असावी? हे अंतर सहा फूट ठरलं आणि पुढे साऱ्या उद्योगाचं प्रमाण झालं. त्यामुळे एका कारखान्यात बनलेलं यंत्र दुसऱ्या कारखान्यातल्या पायावर बसू लागलं. शेलनं आपली तरंगत्या खोदकामाची विद्या स्वतःपाशी राखली नाही. १९६३ च्या सुरुवातीला चक्क शाळा भरवून ती इतर कंपन्यांना शिकवली, प्रत्येकी एक लाख डॉलर फी घेऊन! यात उदारपणा नव्हता. खोल पाण्यातल्या कामाला लागणारी यंत्रं बनवणारे कारखाने उभे राहायचे तर गिऱ्हाईकं अनेक हवीत, हा व्यापारी हिशेब होता.

एका वेळी एकच चूक

ही साधनं पाहताना बाहेरच्या माणसाला वाटतं, की सारं कौशल्य अचूक नेम धरण्यात आहे. वरून नेम कितीही नीट धरला, तरी शंभर मीटर खाली तो चुकणारच. प्रवाह असतो, लाटा असतात, पाइप स्वतः वाकतो. म्हणून ही साधनं चूक होणार हे गृहीत धरतात आणि ती थोडी थोडी कमी करत नेतात.

सुईत दोरा ओवताना आपण दोरा आधी ओला करून टोकदार करतो, मग सुई डोळ्यांजवळ आणतो आणि शेवटी बोटांनी किंचित हलवतो. तळावरही तसंच. मोठं नरसाळं मीटरभराची चूक पकडतं. खुंटी ती काही सेंटिमीटरांवर आणते. शेवटी अगदी जवळ आल्यावर बारीक पिना उरलेले मिलिमीटर जुळवतात. तोवर रबरी सील आणि तेलदाबाच्या नळ्यांची तोंडं एकमेकांना टेकूच द्यायची नाहीत, नाहीतर ती चिरडतात. नाजूक भाग सर्वांत शेवटी भेटले पाहिजेत, हा इथला पहिला नियम.

दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट जुळवायची. आधी खोदून ठेवलेल्या विहिरींवर मंचाचा पोलादी सांगाडा बसवायचा असेल, तर तळात दोन मार्गदर्शक खांब ठोकतात, आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या उंचीचे ठेवतात. सांगाडा आधी उंच खांबावर ओवला जातो. आता तो फक्त त्या खांबाभोवती फिरू शकतो, जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरते तसा. मग तो हळूहळू फिरवून दुसऱ्या, आखूड खांबावर आणतात. पहिला खांब जागा ठरवतो, दुसरा दिशा. दोन्ही खांब एकाच उंचीचे असते, तर दोन्ही गोष्टी एकाच क्षणी जुळवाव्या लागल्या असत्या.

दिशा जुळवण्याची सर्वांत देखणी युक्ती म्हणजे तिरका काप दिलेली नळी. उसाचं कांडं कोयत्यानं तिरकं छाटल्यावर कसं दिसतं, ते आठवा. नळीचा काठ असा उतरता कापलेला असतो आणि उताराच्या तळाशी एक उभी खाच असते. वरून येणाऱ्या यंत्राला एक छोटी कळ असते. ती काठावर कुठेही टेकली तरी यंत्राच्याच वजनानं उतारावरून घसरते, घसरताना यंत्राला फिरवते आणि खाचेत जाऊन बसते. मोटार नाही, वीज नाही, वरून कसलाही हुकूम नाही. फिरवण्याचं सगळं काम गुरुत्वाकर्षण करतं.

उथळ समुद्रातल्या कामातही हीच नरसाळी दिसतात, फक्त साध्या रूपात. मुंबई हायसाठी माझगाव डॉकनं आपल्या न्हावा यार्डात सांगाडे बांधले. अशा कुठल्याही सांगाड्यात वरपासून खालपर्यंत एकाखाली एक पोलादी कड्या असतात आणि कड्यांची तोंडं वरच्या बाजूला पसरट असतात. विहिरीचा पाइप त्यांतून ओवत खाली नेतात. उरण-न्हावाकडून जाताना तुम्ही असा आडवा पडलेला सांगाडा पाहिला असेल, तर त्या ओळीनं लावलेल्या कड्या हेच काम करतात.

तारा संपल्या तेव्हा

काही शे मीटरांपलीकडे तारांची पद्धत डगमगते. लांब तारा एकमेकींत अडकतात. शिवाय खोल पाण्यात जहाज नांगरावर नसतं, ते पंखे फिरवून जागा राखतं आणि वाऱ्याप्रमाणे तोंड वळवतं. जहाज फिरलं की तारांना पीळ पडतो.

इथे उत्तर आलं ते तेलवाल्यांकडून नव्हे, तर भूशास्त्रज्ञांकडून. ‘ग्लोमार चॅलेंजर’ हे अमेरिकन संशोधन-जहाज महासागरांच्या तळातून खडकांचे नमुने काढत होतं. गिरमिट झिजला की पाइप वर काढावा लागे, आणि एकदा बाहेर आल्यावर तीन किलोमीटर खालचं वीतभर भोक पुन्हा सापडणं अशक्य. जून १९७० मध्ये अटलांटिकमध्ये त्यांनी सुमारे पाच मीटर तोंडाचं एक नरसाळं तळावर ठेवलं, त्याच्या कडेवर ध्वनी परतवणारे भाग लावले आणि पाइपाच्या टोकातून आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकला. ध्वनीच्या त्या डोळ्यानं नरसाळं शोधलं आणि पाइप पुन्हा त्याच भोकात शिरला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कॅरिबियन समुद्रात ही युक्ती प्रत्यक्ष कामात वापरली गेली.

म्हणजे निरोपाचा दोर आवाजाचा झाला आणि ओळंब्याच्या जागी जहाजाचे पंखे आले. नरसाळं मात्र राहिलं, उलट मोठं झालं. आज खोल पाण्यातल्या विहिरींवर तारा नसतात, मोठी नरसाळी असतात. २०१३ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यासमोर ओएनजीसीसाठी एका जहाजानं ३,१६५ मीटर खोल पाण्यात विहीर खोदली. तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता.

तळावरचा माणूस

आतापर्यंत मी यंत्रांबद्दलच बोलले. पण बराच काळ या सगळ्याच्या शेवटी एक माणूस होता. तार तुटली तर ती पुन्हा बांधायला, पाणसळ वाचायला, पिन बसली नाही तर हातोडा मारायला पाणबुड्या खाली जायचा. घैसाचं काम, फक्त पोशाख बदललेला.

१९७० च्या दशकात उत्तर समुद्रात तेलासाठी उतरलेले कितीतरी पाणबुडे मेले आणि जे वाचले त्यांतल्या अनेकांचं आरोग्य कायमचं खचलं. नॉर्वेतल्या काही पाणबुड्यांनी दाद मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला, की वर येताना शरीरावरचा दाब किती वेगानं उतरवायचा याच्या तक्त्यांमधले धोके त्यांना कळतील अशी काळजी सरकारनं घेतली नव्हती. निकाल येईपर्यंत ती माणसं म्हातारी झाली होती.

आपल्याकडची तारीख तुम्हाला आठवत असेल. २६ जुलै २००५ ला मुंबई पाण्यात बुडाली. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायमध्ये ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज मंचाजवळ येताना वायू आणणाऱ्या पाइपावर आदळलं आणि आग भडकली. २२ माणसं गेली. पण त्या जहाजावर सहा पाणबुडेही होते, दाबाच्या बंद कोठडीत. खोल पाण्यात दिवसचे दिवस काम करणाऱ्यांना तशाच दाबाखाली राहावं लागतं, दार उघडून पळता येत नाही. बाकीचे जहाज सोडून गेले आणि हे सहा जण जळत्या जहाजावर कोठडीत राहिले. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

म्हणून यंत्र स्वतःच जुळून बसणं हा सोयीपुरता प्रश्न नव्हता. १९६२ च्या सुमारास शेलनं ‘मोबॉट’ नावाचा रोबो पाण्यात उतरवला. विहिरीच्या तोंडाभोवती गोल रूळ बसवलेला असे. मोबॉट पोहत येऊन त्या रुळावर बसे, फिरे आणि बोल्ट आवळे. या कल्पनेतली खरी हुशारी रोबोइतकीच विहिरीच्या रचनेत होती. बोल्ट, रूळ, खाचा सगळं त्याच्या ‘हाताला’ लागेल असं बनवलं होतं. आजही रोबो विहिरीवर काम करतो ते पसरट तोंडाच्या ठरावीक मापाच्या खोबणींत आपली अवजारं खुपसून. माणसाचे हात कुठेही पोचतात, म्हणून त्यांच्यासाठी काही ठरवावं लागत नाही. हात काढून घ्यायचे तर वाट आधीच बांधून ठेवावी लागते.

दोन झाकणं

हा फरक पाहायचा तर १९९१ आणि २०१० ही दोन वर्षं शेजारी ठेवा.

१९९१ मध्ये माघार घेणाऱ्या इराकी फौजांनी कुवेतच्या सहाशेहून अधिक विहिरी पेटवल्या. शेवटची आग विझली ६ नोव्हेंबरला. सेबास्तियाव साल्गादोची छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील: तेलानं माखलेली, पुतळ्यांसारखी माणसं. ती तिथे काय करत होती? ज्वाळा विझल्यावरही तेलाचं कारंजं चालूच असे. त्यावर क्रेनच्या लांब दांड्याला टांगलेलं झाकण आणायचं, कारंज्याच्या दाबाविरुद्ध ते मधोमध धरायचं आणि तोंडावर बसवायचं. तोंड फुटलेलं असेल तर निमुळता पाइप आत खुपसायचा, कारण निमुळतं टोक आपली वाट आपण शोधतं. शेवटची हातभर जुळवाजुळव माणसंच करत होती, कारंज्यापासून काही फुटांवर उभी राहून.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची विहीर ८७ दिवस वाहत होती. १२ जुलैला दीड किलोमीटर खोल पाण्यात तिच्यावर झाकण बसवलं गेलं आणि १५ जुलैला प्रवाह थांबला. काम तेच, कारंज्यावर झाकण बसवण्याचं. पण तळाच्या आसपास एकही माणूस नव्हता. वर जहाज, खाली रोबो आणि मध्ये जुळवणीची साधनं.

यावरून धोका संपला असं मात्र समजू नका. त्या अपघातात ११ माणसं मेली, ती सगळी वर, रिगवर. मुंबई हायचे सहा पाणबुडेही तेव्हा तळाशी नव्हते, जहाजावरच होते. वाट दाखवणाऱ्या साधनांनी तळावरच्या माणसाला वर आणलं. वरच्या माणसाला कसं जपायचं, हे त्यांच्या हातात नाही. तिथे अजूनही निर्णय माणसांचेच असतात: केव्हा थांबायचं, कुणाचं ऐकायचं, खराब हवेत जहाज मंचाला लावायचं की नाही.

नाखव्याचं नाव

जुलै २०२४ मध्ये कुवेतनं जाहीर केलं, की फैलका बेटाच्या पूर्वेला समुद्राखाली तेल-वायूचं मोठं क्षेत्र सापडलं आहे. अंदाज ३२० कोटी पिंपांइतक्या साठ्याचा. पुढच्याच वर्षी जुलैआ नावाचं दुसरं क्षेत्र जाहीर झालं. साठ वर्षांपूर्वी थांबलेलं काम पुन्हा सुरू झालं, आणि पाणी उथळ असल्यामुळे पाय रोवून उभ्या राहणाऱ्या रिगवरूनच झालं. पुढे तिथे सांगाडे उभे राहतील तेव्हा त्यांत पसरट तोंडाच्या कड्या असतील, आणि त्यांतून पाइप ओवणाऱ्यांत, आखातातल्या बहुतेक कामांप्रमाणे, आपल्याकडची माणसंही असतील.

फैलकाजवळच्या त्या क्षेत्राला नाव दिलं आहे ‘अल-नोखदा’. नाव चांगलं आहे, जुन्या दर्यावर्दींचा मान राखणारं आहे. पण मोत्यांच्या काळात नाखवा बहुधा डेकवरच असे. तळाला जायचा घैस आणि त्याचा जीव हातात धरून बसायचा सैब. आज घैसाचं काम रोबो करतो, सैबाचं काम हवेच्या दाबावरची सिलिंडरं करतात. नाखव्याचं काम अजून कुठल्याही यंत्राला सोपवलेलं नाही.

कुवेतमध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या वाचकांना माझं एक सांगणं आहे. तिथल्या संग्रहालयांत मोत्यांच्या बुडीचं साहित्य मांडलेलं असतं. मोत्यांकडे सगळेच पाहतात. तुम्ही दगड बांधलेल्या दोराकडे पाहा, आणि मग तो जिथे धरला जायचा त्या टोकाकडेही पाहा.